आर्गोसच्या राजांचे आजचे वारसदार

फेब्रुवारी 2019 मध्ये एका देशानं आपलं नाव बदललं. ‘मॅसिडोनिया प्रजासत्ताक’चं ‘उत्तर मॅसिडोनिया’ झालं. युगोस्लाव्हिया फुटल्यापासून शेजारी ग्रीस या नावावर अडून बसला होता. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘पूर्वाश्रमीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ अशा लांबलचक तात्पुरत्या नावानं. 1994 मध्ये ग्रीसनं व्यापारबंदी घातली. 2008 मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नाटोचं दार उघडू दिलं नाही. वादाला सीमेची भीती होती, गेल्या शतकातल्या युद्धांच्या जखमा होत्या, हे खरंच. पण रस्त्यावर उतरलेल्या लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता: प्राचीन मॅसिडोनियाचा राजा फिलिप आणि त्याचा मुलगा सिकंदर कुणाचे?

हा प्रश्न विचारणाऱ्या दोन्ही बाजू एक गोष्ट सोयीनं विसरतात. फिलिप आणि सिकंदर स्वतःच दुसऱ्या कुणाचे तरी वारस म्हणवून घेत होते. आपलं घराणं मॅसिडोनियाचं नाही, ते दक्षिणेकडच्या आर्गोसहून, हेराक्लीसच्या म्हणजे हर्क्युलसच्या वंशातून आलं, असं त्यांचं ठाम सांगणं होतं. आर्गोस पेलोपोनेसमध्ये, मॅसिडोनियाच्या जुन्या राजधानीपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून लांब. थोडक्यात, ज्यांचे वारस कोण यावरून दोन देश तीस वर्षं भांडले, त्यांचे स्वतःचेच वारसाचे कागद गरजेप्रमाणे लिहिलेले होते. दंतकथेतली वंशावळ हा राजकारणाचा दस्तऐवज असतो. ती कुणी, केव्हा, कशासाठी रचली हे ती उत्तम सांगते. जमीन, नाव आणि वारसा कुणाचा, हे ठरवण्याचं काम तिच्यावर टाकू नये, असं माझं म्हणणं आहे.

मूळ गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं आपल्या इतिहासाच्या आठव्या पुस्तकात सांगितली आहे. गोष्ट म्हणून ती फारच सुंदर आहे. आर्गोसचा राजा टेमेनस हा हेराक्लीसचा वंशज. त्याच्या कुळातले तीन भाऊ, गावानेस, एरोपस आणि धाकटा पर्डिकस, आर्गोसमधून परागंदा झाले आणि भटकत भटकत वरच्या मॅसिडोनियातल्या लेबाया नावाच्या गावी पोचले. तिथल्या राजाकडे मजुरीला राहिले. एक घोडे राखायचा, दुसरा बैल, आणि पर्डिकस शेळ्यामेंढ्या. त्या काळी राजेही गरीबच असत, असं हेरोडोटस सहज सांगून जातो. राणी स्वतः पाव भाजायची. पर्डिकसच्या वाट्याचा पाव दर वेळी दुप्पट फुगायचा. राणीनं ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर घातली. राजाला हा अपशकुन वाटला आणि त्यानं तिघांना चालते व्हायला सांगितलं. त्यांनी मजुरी मागितली. धुराड्याच्या भोकातून जमिनीवर उन्हाचा कवडसा पडला होता. राजा म्हणाला, ही घ्या तुमची मजुरी, तुमच्या लायकीची. थोरले दोघे अवाक होऊन उभे राहिले. धाकट्यानं कमरेचा सुरा काढला, कवडशाभोवती जमिनीवर रेघ ओढली, तीनदा ते ऊन ओंजळीनं आपल्या ओटीत घेतलं आणि ‘जे देतोस ते स्वीकारलं’ म्हणून तो भावांसह निघून गेला.

पोरगा काय करून गेला हे राजाच्या उशिरा ध्यानात आलं. त्यानं मागे घोडेस्वार धाडले, पण मधली नदी तिघे पार होताच दुथडी भरून आली. तिघे मिडासच्या बागांजवळ राहिले. तिथले गुलाब साठ पाकळ्यांचे असत, हेही हेरोडोटस सांगायला विसरत नाही. तिथून त्यांनी हळूहळू सगळा मॅसिडोनिया घेतला.

ही कथा हेरोडोटसच्या काळात कुणाच्या कामाची होती? त्याचं उत्तरही त्याच्याच पुस्तकात आहे. पर्डिकस धरून सातव्या पिढीतला अलेक्झांडर पहिला, म्हणजे जगजेत्या सिकंदराचा पूर्वज, ऑलिंपियाला धावायला गेला. स्पर्धा फक्त ग्रीकांसाठी होती. बरोबरच्या धावपटूंनी हरकत घेतली की हा परका आहे. त्यानं आपण आर्गोसचे आहोत हे पंचांना पटवून दिलं, धावला आणि पहिल्या आलेल्याच्या बरोबरीनं पोचला. हाच अलेक्झांडर इराणच्या सम्राटाचा मांडलिक होता आणि त्याची बहीण एका इराणी सरदाराला दिलेली होती. इराणी फौज हरल्यावर ग्रीकांशी सलोखा करण्यासाठी आर्गोसचं नातं त्याच्या केवढ्या उपयोगाचं पडलं असेल, याचा अंदाज बांधायला फार विद्वत्ता लागत नाही.

पुढची गंमत अशी की मूळपुरुषही कायम राहिला नाही. इ.स.पू. 413 ते 399 या काळात आर्केलॉस नावाचा राजा गादीवर होता. त्यानं नाटककार युरिपिडीसला अथेन्सहून आपल्या दरबारी बोलावलं. युरिपिडीसनं ‘आर्केलॉस’ नावाचं नाटक लिहिलं. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. त्यात घराण्याचा संस्थापक पर्डिकस नाही. टेमेनसचाच एक मुलगा, नाव अर्थातच आर्केलॉस, एका शेळीच्या मागोमाग जातो आणि राजधानी वसवतो. यजमानाचं नाव थेट मूळपुरुषाला! आपल्याकडचे भाटही इतक्या सरळ मार्गानं जात नसत. चौथ्या शतकात तिसरं नाव पुढे आलं, कारानस. आता संस्थापक तो ठरला आणि पर्डिकस काही पिढ्या खाली सरकला. शंभरेक वर्षांत एका राजघराण्याचे तीन मूळपुरुष झाले, आणि तिन्ही आर्गोसचे. एक गोष्ट मात्र कुणी बदलली नाही, ती म्हणजे हेराक्लीसशी जोडलेला धागा. ग्रीकांत मान मिळवून देणारा भाग तोच होता.

त्या काळातल्या लोकांनाही यातलं राजकारण कळत होतं. इ.स.पू. 346 मध्ये अथेन्सच्या आयसोक्रेटीस या लेखकानं फिलिपला उद्देशून जे लिहिलं, त्यात आर्गोस ही तुझी पितृभूमी असं म्हटलं, कारण फिलिपनं सगळ्या ग्रीकांचं नेतृत्व करावं अशी त्याची इच्छा होती. पाचच वर्षांनी डेमॉस्थेनीस या वक्त्यानं अथेन्सच्या सभेत त्याच फिलिपबद्दल सांगितलं की हा ग्रीक तर नाहीच, ग्रीकांचा कुणी लागतही नाही, आणि परका म्हणावा तर धड नाव घेण्याजोग्या मुलखातलाही नाही. माणूस एकच आणि काळही तोच. पाच वर्षांत वंश बदलत नाही. बोलणाऱ्यांचे पक्ष तेवढे वेगळे होते.

आता ज्या आर्गोसचं नातं सांगण्यासाठी एवढी धडपड, त्या आर्गोसच्या राजांकडे वळू. रक्ताच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून जो कुणी या कथा हातात घेईल त्याची पंचाईत व्हावी, अशाच त्या आहेत.

सुरुवात इनॅकस या नदीदेवापासून. त्याची मुलगी आयो. देवांचा राजा झ्यूस याची तिच्यावर नजर गेली आणि त्यापायी तिची गाय झाली. गोमाशीच्या दंशानं सैरावैरा पळत ती इजिप्तला पोचली आणि नाईलच्या काठी तिला मुलगा झाला. तिच्या वंशात पुढे डॅनॉस आणि इजिप्टस हे दोन भाऊ. भाऊबंदकी माजली आणि डॅनॉस आपल्या पन्नास मुली घेऊन समुद्रमार्गे आर्गोसला आला. आल्यावर त्यानं गादीवरच हक्क सांगितला. तिथल्या राजाचं नाव गेलॅनॉर. पॉसेनियस या प्राचीन प्रवासवर्णनकारानं दिलेल्या हकिगतीप्रमाणे लोकांनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि निकाल दुसऱ्या दिवसावर टाकला. उजाडताना गावाच्या वेशीजवळ चरणाऱ्या कळपावर एक लांडगा तुटून पडला आणि त्यानं कळपाचा म्होरक्या बैल मारला. लोकांनी ठरवलं, बैल म्हणजे गेलॅनॉर आणि लांडगा म्हणजे डॅनॉस, कारण लांडगाही माणसांत न राहणारा, बाहेरचा. गादी डॅनॉसला मिळाली. त्यानं तिथे लांडग्याच्या अपोलोचं देऊळ बांधलं.

बाहेरून आलेला माणूस राजा झाला आणि गावानं त्याची आठवण म्हणून देऊळ जपलं, अशी ही कथा. पुढे डॅनॉसच्या मुलींनी बापाच्या सांगण्यावरून लग्नाच्या रात्री आपापल्या नवऱ्यांना मारलं. एकीनं, हायपर्म्नेस्ट्रानं, मारलं नाही. तिचा नवरा लिंकियस हा इजिप्टसचा मुलगा. पुढचे आर्गोसचे राजे, अॅक्रिसियस, त्याची मुलगी डॅनाई, तिचा मुलगा पर्सियस आणि पुढे खुद्द हेराक्लीस, सगळे या जोडप्याचे वंशज. पर्सियसची बायको अँड्रोमेडा इथिओपियाच्या राजाची मुलगी. नंतर आर्गोसजवळच्या मायसीनीची गादी ज्यांच्याकडे गेली ते अॅट्रियस आणि आगामेम्नॉन पेलॉप्सच्या कुळातले, आणि पेलॉप्स आशिया मायनरमधून आलेला. थ्युसिडिडीससारखा चिकित्सक इतिहासकारसुद्धा सांगतो की पेलॉप्स आशियातून भरपूर संपत्ती घेऊन गरीब लोकांत आला, म्हणून परका असूनही पेलोपोनेस या सगळ्या भूभागाला त्याचं नाव मिळालं. मग हेराक्लीसचे वंशज परत येऊन पेलॉप्सच्या वंशजांना हुसकावतात. त्यांच्यातला टेमेनस, आणि टेमेनसच्या कुळातला पर्डिकस. म्हणजे शुद्ध ग्रीकपणाचं प्रमाणपत्र म्हणून मॅसिडोनियाच्या राजांनी जी वंशावळ मिरवली, तिच्यात इजिप्त दोनदा आणि इथिओपिया एकदा आहे.

अथेन्सच्या एस्किलसनं डॅनॉसच्या मुलींवर नाटक लिहिलं, बहुधा इ.स.पू. 463 च्या सुमारास. त्यात आर्गोसचा राजा या मुलींना पाहून चक्रावतो. तुम्ही ग्रीक दिसत नाही, म्हणतो. लिबियाच्या वाटता, नाईलच्या वाटता, उंटावर बसून हिंडणाऱ्या भारतीय बायका असतात म्हणे, तशा वाटता. मुली आयोची गोष्ट सांगतात: आम्ही तुमच्याच, आश्रय द्या. राजा एकट्यानं निर्णय घेत नाही. प्रश्न लोकांच्या सभेपुढे जातो, आणि हात वर करून सभा एकमुखानं आश्रय देते. नाटकात या मुली शहराच्या बरोबरीच्या नागरिक होत नाहीत, आश्रित म्हणूनच राहतात, हे विसरू नये. तरीही वंशकथेचा उपयोग तिथे दार उघडण्यासाठी झाला.

दार उघडण्याचा हा उपयोग नाटकापुरता नव्हता. इराणचा सम्राट झर्क्सिस यानं ग्रीसवर स्वारी करण्याआधी आर्गोसला दूत पाठवला, असं हेरोडोटस एका ऐकीव गोष्टीच्या हवाल्यानं सांगतो. दूताचं म्हणणं असं की आमचा मूळपुरुष पर्सेस हा तुमच्या पर्सियसचा आणि अँड्रोमेडाचा मुलगा. आपण एकाच रक्ताचे, मग एकमेकांशी लढायचं कशाला? आर्गोस त्या युद्धात खरोखरच बाजूला राहिलं. स्पार्टाशी असलेलं जुनं वैर हे खरं कारण असावं. पण नात्याची सबब तयार होती.

मला सर्वांत आवडणारा दाखला दगडावर कोरलेला आहे. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर झँथोस हे जुनं शहर आणि त्याच्याजवळ अपोलो आणि आर्टेमिसची आई लेटो हिचं देवस्थान. तिथे 1965 मध्ये एक शिलालेख सापडला. इ.स.पू. 206-205 मधली गोष्ट. मध्य ग्रीसमधल्या डोरिसच्या मुलखातलं कीटीनियन हे लहानसं गाव भूकंपानं आणि पाठोपाठच्या लढाईनं उद्ध्वस्त झालं होतं. तटबंदी पुन्हा बांधायला पैसा नव्हता. त्यांचे दूत समुद्र ओलांडून झँथोसला आले आणि त्यांनी नातं उलगडून सांगितलं: अपोलो आणि आर्टेमिस तुमच्याकडे जन्मले, अपोलोचा मुलगा अॅस्क्लेपियस आमच्याकडे, शिवाय तुमच्या आणि आमच्या वीरांच्या घराण्यांचाही संबंध आहे. झँथोसच्या लोकांनी ते ऐकून घेतलं, नातं मान्य केलं आणि खजिन्यात खडखडाट असल्यामुळे कर्ज काढून पाचशे द्राख्मा दिले. तटबंदीच्या मानानं रक्कम किरकोळच. मग एवढा लांबलचक ठराव दगडावर कोरला. या नात्याला कुणी पुरावा मागितला नाही, आणि गोष्टीवर कुणाची जमीन गेली नाही.

यावर कुणी म्हणेल की तुम्ही सोयीचे दाखले निवडले. ग्रीकांनी याच कथा सातबारा म्हणूनही वापरल्या होत्या. बरोबर आहे. इ.स.पू. 369 मध्ये स्पार्टाच्या शेजारचा मेसेनिया तिच्या तावडीतून सुटला, त्यानंतर हाच आयसोक्रेटीस स्पार्टाच्या राजपुत्राच्या तोंडी एक भाषण घालतो: हेराक्लीसच्या वंशजांत वाटणी झाली होती, मेसेनियाच्या राजाच्या मुलांनी तो मुलूख आम्हाला दिला, म्हणून तो आमचा. फिलिपनंही थायरिया हा सीमेवरचा तुकडा स्पार्टाकडून काढून आर्गोसला देववला. अथेन्सची तर तऱ्हाच निराळी. त्यांचा राजा एरिक्थोनियस थेट मातीतून जन्मलेला. आम्ही इथलेच, कुठून आलो नाही, असा त्यांचा अभिमान. इ.स.पू. 451 मध्ये पेरिक्लीसनं आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व असा कायदा केला, तो याच हवेत. पण अशा दाव्यांनी वाद मिटल्याचं उदाहरण मला सापडत नाही. मेसेनिया भाषणानं परत मिळाला नाही. थायरिया आर्गोसला मिळाला तो फिलिपची फौज दारात उभी होती म्हणून.

आपल्या इतिहासातही हे आहे. देवगिरीचे यादव स्वतःला यदुवंशी म्हणवत. हेमाद्रीनं व्रतखंडाच्या राजप्रशस्तीत त्यांची वंशावळ पुराणकाळापर्यंत नेली आहे. ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ हे बिरुद ते मिरवत. तेच बिरुद दक्षिणेत होयसळही मिरवत, तेही यदुवंशीच, आणि ही दोन्ही घराणी कृष्णेच्या खोऱ्यासाठी एकमेकांचे गळे धरत होती. त्यावरून आज कुणी द्वारकेवर हक्क सांगायला गेलं तर आपण हसू. ग्रीक प्रकरणात मात्र हसायची सोय उरली नाही.

1977 मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांना उत्तर ग्रीसमधल्या व्हर्जिना इथे एक न लुटलेलं राजघराण्याचं थडगं सापडलं. आतल्या सोन्याच्या पेटीवर सोळा किरणांचा सूर्य होता. थडगं फिलिपचंच की आणखी कुणाचं, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. झेंड्यांना तेवढा धीर नव्हता. 1992 मध्ये स्कोप्येच्या, म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीतल्या, नव्या सरकारनं तो सूर्य राष्ट्रध्वजावर घेतला. ग्रीसनं 1993 मध्ये कायदा करून तो आपलं राष्ट्रीय चिन्ह ठरवला. 1995 च्या करारानंतर स्कोप्येनं झेंडा बदलला. पण 2006 मध्ये तिथल्या विमानतळाला सिकंदराचं नाव लागलं आणि ‘स्कोप्ये 2014’ या योजनेत भर चौकात वीस मीटरहून उंच ‘घोड्यावरचा योद्धा’ उभा राहिला. अधिकृत नावात सिकंदर नाही. ओळखायला कुणाला अडचण आली नाही.

इतिहासाच्या बाजूनं माझं मत लपवण्यासारखं नाही. प्राचीन मॅसिडोनियाबद्दल ग्रीसचा दावा बराच भक्कम आहे. तो हेराक्लीसमुळे भक्कम होत नाही. कोरीव लेख, माणसांची नावं, मॅसिडोनियाची नंतरची राजधानी पेला इथे सापडलेली ग्रीक बोलीतली शिशाची पट्टी, हा पुरावा बोलतो. आजच्या उत्तर मॅसिडोनियातली बहुसंख्य जनता जी स्लाव्ह भाषा बोलते ती या भागात आली सहाव्या-सातव्या शतकानंतर, सिकंदर जाऊन हजारभर वर्षं झाल्यावर. कांस्य घोडेस्वारानं हे बदलत नाही. पण यावरून मॅसिडोनिया हे नावच शेजाऱ्यानं घेऊ नये, असं म्हणणं मला पटलेलं नाही. त्या लोकांचे आजे-पणजे स्वतःला मॅसिडोनियन म्हणत होते, आणि युगोस्लाव्हियात दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचं त्याच नावाचं घटकराज्य होतं. आपण काय म्हणवून घ्यायचं यासाठी सिकंदराचा वंशज असण्याची गरज त्यांना नव्हती. ती गरज आहे असं त्यांच्या सरकारला वाटलं, ही माझ्या मते त्या देशाची सर्वांत महागडी चूक.

चूक उलट्या दिशेनंही होते. 1987 मध्ये मार्टिन बर्नाल यांनी ग्रीक संस्कृतीच्या आफ्रिकी-आशियाई मुळांबद्दल मांडणी केली, तेव्हा डॅनॉसच्या कथेत खऱ्या इजिप्शियन वसाहतीची आठवण आहे असं त्यांचं म्हणणं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी पंडितांनी या कथा वंशाच्या अहंकारापोटी झटकून टाकल्या, ही त्यांची टीका योग्य होती. पण डॅनॉसच्या गलबतावरून वसाहत सिद्ध करणं आणि पर्डिकसच्या कवडशावरून ग्रीकपण सिद्ध करणं, दोन्हींची जात एकच. जर्मन उत्खनक श्लीमानचंही तसंच. 1876 मध्ये मायसीनीला त्याला सोन्याचा मुखवटा सापडला आणि तो आगामेम्नॉनचा ठरून गेला. ती थडगी ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून काही शतकं जुनी आहेत. नाव अजून सुटलेलं नाही.

जून 2018 मध्ये प्रेस्पा सरोवराकाठी झालेल्या करारावर दोन्हीकडून ‘देशद्रोह’ म्हणून ओरड झाली. स्कोप्येच्या सार्वमतात जेमतेम 37 टक्के मतदान झालं. तरीही तो करार मला या वादातला सर्वांत शहाणा कागद वाटतो, आणि तो त्याच्या सातव्या कलमामुळे. मॅसिडोनिया या नावाचे दोन्ही देशांत वेगवेगळे अर्थ आहेत, ग्रीसच्या बाजूनं त्यात प्राचीन काळापासूनचा ग्रीक वारसा येतो, दुसऱ्या देशाचा इतिहास, भाषा आणि लोक त्याहून वेगळे, असं तिथे सरळ लिहून टाकलं आहे. आठव्या कलमानं सूर्यचिन्ह सार्वजनिक वापरातून काढायला लावलं आणि इतिहास व पाठ्यपुस्तकांसाठी दोन्ही देशांच्या तज्ज्ञांची समिती नेमली. 2019 मध्ये स्कोप्येतल्या पुतळ्यांखाली ते प्राचीन ग्रीक इतिहासातले असल्याच्या पाट्या लागल्या. मे 2024 मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेताना देशाचं नाव नुसतं ‘मॅसिडोनिया’ उच्चारलं आणि ग्रीसच्या राजदूत सभागृहातून उठून गेल्या. म्हणजे करार टिकला तरी धुसफुस चालूच आहे.

त्या समितीकडून माझी अपेक्षा माफक आहे. वंशकथा पाठ्यपुस्तकांतून काढू नका. मुलांना राणीच्या भट्टीतला दुप्पट फुगणारा पाव आणि ओटीत घेतलेलं ऊन वाचू द्या. पण पर्डिकस, युरिपिडीसचा आर्केलॉस आणि कारानस ही तिन्ही नावं एकाच पानावर छापा, प्रत्येकापुढे ते कुठल्या राजाच्या वेळी पुढे आलं हे लिहा, आणि पानाच्या वरच्या अंगाला डॅनॉसचं गलबतही दाखवा. हे पान अथेन्स आणि स्कोप्ये दोन्हीकडच्या वर्गांत शब्दशः सारखं असायला हवं.